नाच पडद्यावरच बरा

माझ्या भावाला रडायला एक जुना सिनेमा लागतो. आमचे वडील गेले तेव्हा त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, पण टीव्हीवर हा सिनेमा लागला की शेवटच्या नाचाला तो हमखास चष्मा काढून डोळे पुसतो. सिनेमा माझाही लाडका आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाटायचं की या बाईला नाचगाण्याचंच वावडं दिसतंय.

गोष्ट साधीच. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवणारा एक पोरगा आणि नाचणाऱ्या घरातली एक पोरगी. प्रेमाचा एक शब्द दोघं बोलत नाहीत. तो वाजवतो, ती नाचते आणि आपल्याला सगळं कळतं. पुढं तिचं लग्न दुसऱ्याशी ठरतं आणि वाजवायला नेमका ह्याचाच बँड येतो. तो सूर धरतो. ती नवरीच्या साजात मांडवातून उठते आणि भर रस्त्यात नाचते. आमच्या तालुक्याच्या टॉकीजमध्ये बायकांसाठी वेगळी जागा होती, जनाना म्हणायचे तिला. आई मला तिथं घेऊन बसायची. नवरी उठायला लागली की भोवतीच्या बाया ओरडायच्या, "ऊठ गं, बघती काय, ऊठ!" घरी गेल्यावर ह्याच बाया डोक्यावरचा पदर सरकू द्यायच्या नाहीत. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. तिचे हात बघताना नुसतं वाटायचं, आपल्याही अंगात एवढं काही दडलेलं असेल का? ह्या सिनेमाची जादू म्हणतात ती एवढीच, आणि ती खरी आहे.

माझ्या भाचीने, ह्याच भावाच्या लेकीने, ती जादू खरी मानली, एवढाच तिचा गुन्हा. कलबुर्गीला डिग्री करता करता ती भरतनाट्यम शिकली आणि परत आल्यावर बसवकल्याणात एका दुकानाच्या माडीवर लहान मुलींचा क्लास काढला. पोरींच्या आया जिन्यात बसून मराठी-कन्नडमध्ये गप्पा मारायच्या, वर पोरी फरशी दणाणून सोडायच्या. भाऊ लोकांना सांगायचा, "लग्नापर्यंतचा छंद हाय." तो शिक्षक माणूस, क्लास हा शब्द त्याला शोभत होता, नाच हा शब्द तो उच्चारत नसे.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर तिला कलबुर्गीचं स्थळ आलं. मुलगा चांगला होता. त्याचे वडील मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. बोलणी करायला ते बायको-मुलाला घेऊन आले. वहिनीने चुरमुऱ्यांचा सुसला आणि मिरचीची भजी केली होती. भजी तोंडात असताना त्यांचा फोन वाजला, आणि फोनमधून काय यावं, तर त्याच सिनेमातली क्लॅरोनेटची धून. भाऊ तर खुर्चीतून उडालाच. "तुमालाबी आवडतो?" मग काय, दोघांची तासभर समाधी लागली. कुठल्या टॉकीजला बघितला, ती कशी गिरकी घेते, कशी नजर टाकते. "काय नाचली हो ती! काळीज काढून नेलं," असं ते म्हणत होते आणि त्यांची बायको मान खाली घालून भजी मोडत होती.

आमच्याकडे बोलणी पक्की झाली की मुलीच्या आत्याने दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या हातावर साखर ठेवायची असते. साखर तोंडात गेली की शब्द बांधला. त्यानंतर मागे फिरणं म्हणजे दोन्ही गावांत तोंड दाखवायला जागा नाही. तो मान माझा. मी साखरेचं ताट घेऊन उभी होते.

व्याही म्हणाले, "सर, पोरगी पसंत हाय आमाला. देण्याघेण्याचं काय न्हाई. फकस्त ते क्लासचं तेवढं बंद करा. सून नाचायलीय म्हणून चार लोकं बोलतील."

"व्हय व्हय, ते काय मोठं!" भाऊ म्हणाला. "अक्का, साखर दे."

माझे कान तापले. समोर खुर्चीवर बसलेल्या पोरीकडे एकाने बघितलं असेल तर शपथ. तिचा क्लास, तिचे पाय, आणि निकाल लावून मोकळे झाले भजी खाणारे दोघं! मी ताट तसंच धरून विचारलं, "अहो, सिनेमातल्या पोरीचं एवढं कवतिक करायलाव. ती सून म्हणून आली असती तर?"

ते मनापासून हसले. "काय अक्का! ती पडद्यावर बरी. घरात कोन आणतंय तसली?"

माझा भाऊही हसला. पाहुणा परका, त्याचं सोडा. पण पोटची पोरगी दोन हातांवर बसलेली असताना "तसली" ह्या शब्दावर बाप हसला, तो राग माझ्या डोक्यातून अजून उतरलेला नाही आणि उतरावा असं मला वाटतही नाही. मांडव सोडून नाचणाऱ्या नवरीसाठी रडणारे हे लोक!

"अक्का, कामून थांबलीस?" भाऊ चिडला.

मी भाचीकडे वळले. "बाई, तुला कुनी इचारलं न्हाई, मी इचारते. क्लास बंद करणार का?"

ती पाहुण्यांकडे बघून म्हणाली, "न्हाई." तिचा आवाज कापत होता. मग बापाकडे बघून परत म्हणाली, "न्हाई, बंद करणार न्हाई." या वेळी आवाज कापला नाही.

वहिनी दारातून पुढे आली. तीस वर्षांत तिने चारचौघांत नवऱ्यासमोर तोंड उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. तेव्हाही उघडलं नाही. माझ्या हातातलं ताट तिने घेतलं आणि आत गेली. साखर डब्यात परत ओतल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला.

पाहुणे गेले. लग्न मी मोडलं, असं भाऊ सगळ्यांना सांगतो. सांगू दे. गावात बोभाटा झाला तेव्हा काही आयांनी पोरी काढून घेतल्या, त्याने मात्र माझा जीव जळतो. भाची रोज माडीचं कुलूप उघडते, आहेत तेवढ्या मुलींना शिकवते. बापलेकीत जेवायला हाक मारण्यापुरतं बोलणं उरलंय.

मागच्या महिन्यात तिच्या मुलींचा कार्यक्रम होता, शेवटी ती स्वतः नाचणार होती. मी भावाला फोन केला, चल म्हणून.

"मला न्हाई बघवत ते," तो म्हणाला.

"कवा बघितलास तू?"

जन्मात एकदाही लेकीचा नाच बघितला नव्हता त्याने.