ईडीमास्तरांचा पाण्याचा ग्लास

आमच्या गल्लीतले इंग्रजीचे मास्तर एक नंबरचे खडूस. शिकवणीत कुणाला पाणी हवं असेल, तर आधी क्रियापदाला ‘ईडी’ लावून भूतकाळ करायचा. वॉकचं वॉक्ड, वॉशचं वॉश्ड. जीभ अडखळली की बसा घसा कोरडा करून. सगळ्यात जास्त अडखळणारी पोरगी पुढे त्यांचीच सून झाली.

अर्धांगवायूनं आता मास्तरांची वाचा गेलीय. काल मी भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी डोळ्यांनीच पाणी मागितलं. सुनेनं भरलेला ग्लास ओठांपाशी नेला आणि अगदी लाडानं विचारलं, “बाबा, वॉकचं काय?”

मास्तरांच्या तोंडातून नुसती लाळ गळली.

“असू दे, आठवेल सावकाश,” म्हणत तिनं ग्लास मागे घेतला.

तिनं मला दिलेलं पाणी मी सावकाश पिऊन संपवलं. त्या शिकवणीत मीही होतो.