शाळेची मागची वाट

एक्साइज इन्स्पेक्टरच्या रिपोर्टात अंतर ब्याऐंशी मीटर होतं. मुख्याध्यापिका कांबळेबाईंच्या हरकतीत चोपन्न. जागा एकच, उचगावची.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी कोल्हापुरात दारू, लॉजिंग, खानावळ असल्या परवान्यांच्याच केसेस चालवायची. बाई असून दारूची वकिली, म्हणून कोर्टात वकिलांच्या बार रूममध्ये थट्टा व्हायची.

माझे अशील मारुतराव. त्यांना उचगावच्या आपल्या हॉटेलात परमिट रूम हवी होती, म्हणजे गिऱ्हाइकाला तिथं बसून दारू पिता येईल अशी परवानगी. शाळेपासून पंचाहत्तर मीटरच्या आत ती मिळत नाही.

"बाई खोटं बोलत्यात की ओ," मारुतराव म्हणाले.

मला तसं वाटेना. खोटं बोलणारा माणूस पन्नास म्हणतो, साठ म्हणतो. चोपन्न कुठून आलं?

शनिवारी सकाळची शाळा. मी साडेसहालाच जाऊन गेटसमोर उभी राहिले. गेट मोठ्या रस्त्यावर. सात वाजले, घंटा झाली. गेटातून एकही मूल आत गेलं नाही. आणि आत प्रार्थना तर सुरू झाली!

मी वळसा घालून मागं गेले. कंपाउंडची भिंत एका ठिकाणी पडलेली. उशीर झालेल्या दोन मुली दप्तरं सावरत तिथून आत शिरत होत्या. ती पायवाट मारुतरावांच्या हॉटेलच्या दारावरूनच आलेली.

नियम असा, की माणसं नेहमी ज्या वाटेनं चालत जातात, त्या वाटेनं अंतर मोजायचं. इन्स्पेक्टरनं गेट धरलं होतं, बाईंनी खिंडार. दोघांचीही टेप बरोबर होती, पण मुलं चालत होती ती बाईंची वाट.

मारुतरावांना सांगितलं. "एवढंच व्हय? उद्या गवंडी लावतो. भिंत बांधली की वाट संपली."

"भिंत शाळेची आहे. बाईंना विचारावं लागेल."

दोघं गेलो. कांबळेबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बांधा की. पण मग पोरं पुढच्या रस्त्यानं येणार. उसाच्या ट्रॅक्टरांतनं त्यांना रोज कोण आणणार? तुम्ही?"

मारुतराव खिडकीतून रस्ता बघत राहिले. दोन ट्रॉल्या जोडलेला एक ट्रॅक्टर धडधडत चालला होता.

"मॅडम, अर्ज माघारी घ्या," ते म्हणाले. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि हातची केस गेल्याची चुटपुटही लागली.

दुसऱ्या जागेवर त्यांना परवाना मिळायला दीड वर्ष गेलं. जुनं हॉटेल जेवणाचंच राहिलं. खिंडाराच्या जागी ग्रामपंचायतीनं नंतर लहानसं फाटक बसवलं.

आता नवा अशील जागा दाखवायला आला, की मी आधी जवळची शाळा किती वाजता भरते ते विचारते; मुलं कुठून आत जातात ते तिथं उभं राहून बघायचं असतं. निम्मे अशील तेवढ्यावरच दुसरी जागा शोधायला जातात.