झुंबरबाईच्या नावावरचं सपान

लेकीचं, तृप्तीचं, बाळंतपण उरकून झुंबरबाई महिन्याभरानं वाटूरहून परत आली. केदारखेड्याच्या फाट्यावर एसटीतून उतरून गावाच्या रस्त्याला लागली आणि तिला काहीतरी खटकलं. थोडं पुढं गेल्यावर ध्यानात आलं, नदीकडची बाजू उघडी पडली होती. तिथं कायम हिवर, कडुनिंब आणि सादड्यांचा गच्च पट्टा दिसायचा. आज पलीकडच्या काठावरची नांगरलेली रानं सरळ दिसत होती.

ती घरी गेलीच नाही. हातातली पिशवी तशीच घेऊन आसरांच्या बनात आली. नऊ झाडांचे नुसते बुंधे उरले होते. शेंदूर लावलेले सात दगड, नदीच्या देवी साती आसरा, वैशाखाच्या उन्हात तापत होते. आणि दहाव्या झाडाशी मुबारक झाडं कापायचं मशीन घेऊन वाकला होता. मुबारक म्हणजे तिच्या मैत्रिणीचा, अकबरबीचा लेक. तिच्याच अंगणात रांगत मोठा झालेला.

"मुबारक, मशीन बंद कर."

त्यानं बंद केलं. घाम पुसत हसून म्हणाला, "मावशी, कधी आल्या तुमी?"

"कोणी सांगितलं रे तुला झाडं तोडायला?"

"तुमीच तं सांगितलं."

"मी?" मुबारकच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"अप्पारावनं चावडीवर सांगितलं, तुमाला सपान पडलं म्हणून. आसरा सपनात आल्या अन् म्हणल्या, आमाला उन्हातान्हात नका ठिवू, पक्क्या मंडपात बसवा, झाडं काढून घ्या. तुमी वाटूरहून फोन केल्ता म्हणे. मावशी, मी दोनदा इचारलं, बराबर मावशीनंच सांगितलं का? तुमचं नाव नसतं तं मी बिलकुल हात लावला नसता."

झुंबरबाईनं पिशवी खाली ठेवली आणि एका बुंध्याला हात लावला. बुंधा अजून ओला होता.

ती या गावात सून म्हणून आली तेव्हा सतरा वर्षांची होती. दोन वर्षांनी, एका श्रावणात, दुपारी ती याच बनात डोळा लागून पडली आणि तिला सपान पडलं. ओल्या लुगड्यातल्या सात बाया आपापल्या घागरी उचलून काठावरून वर, मारुतीच्या पाराकडं नेत होत्या. तिनं सासूला सांगितलं. सासूनं काठावरच्या चार घरांना सांगितलं. ती माणसं हसली, पण देवाचं नाव म्हणून वर येऊन राहिली. तिसऱ्या दिवशी नदी आली आणि चारही घरं घेऊन गेली. माणूस एक गेलं नाही.

तेव्हापासून गाव तिला विचारू लागलं. चैत्रातल्या जत्रेला तिच्या अंगात वारं यायचं, केस सुटायचे, आणि एरवी तिला नावानं हाक मारणारी वडीलधारी माणसं पायाशी लोळण घ्यायची. पण तिचा एक नेम होता. न पडलेलं सपान तिनं कधी सांगितलं नाही. कोणी पोरीच्या लग्नाचं विचारलं तर म्हणायची, "पडलं न्हाई सपान. पडलं तं सांगीन." पेरणीच्या दिवसांत तर ती पंधरा-पंधरा दिवस नदीकाठानं फिरायची. टिटवीनं अंडी पात्रात घातली की वर उंचावर, कावळ्याचं घरटं फांदीच्या टोकाला आहे की मध्यात, बहावा कधी फुलला, मुंग्या कुठल्या बाजूला चालल्यात, यावरून पाऊस कसा होईल ते बघायची. मग दुपारी बनात झोपायची.

अकबरबीनं एकदा विचारलं होतं, "झुंबर, खरं सांग, तुला सपनात दिसतं का डोळ्यानं दिसतं?"

"डोळ्यानं दिसतं ते सुटं सुटं ऱ्हातं," ती म्हणाली होती. "झोपेत आसरा ते लावून देतात. पण मी पाह्यलंच न्हाई तं त्या काय लावतील?"

अप्पाराव तिचा दीर. धाकटा, पण गावचा कारभार त्याच्या हातात. झुंबरबाई त्याच्या ओसरीवर गेली तेव्हा तो चहा पीत होता.

"या वहिनी. नातू कसाय?"

"मला कवा सपान पडलं, भावजी?"

अप्पारावनं बशी खाली ठेवली. "गावाच्या भल्यासाठीच केलं. सरकारी मंडप मंजूर झालाय. जागा मोकळी करून दावली न्हाई तं काम दुसऱ्या गावाला जातं. तुमी आज ना उद्या हो म्हणल्याच असत्या."

"मंग फोन का न्हाई केला?"

"बाळंतपणाच्या घरी कशाला तरास द्यायचा?" तो हसला. "अन् वहिनी, तुमच्या सपनात काय हाय अन् काय न्हाई, ते कोणाला दिसतंय?"

हे ऐकून तिचे कान तापले. म्हणजे चाळीस वर्षं हा तिच्या पाया पडत होता आणि चाळीस वर्षं त्याला हेच वाटत होतं. ती उठून निघाली, कारण थांबली असती तर तिचा हात उठला असता.

मंगळवारी संध्याकाळी बनात आरतीला सगळं गाव जमलं. गावातले जाणते रामकिसन तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "झुंबर, वारं येऊ दे. आसरांनी सांगितलं तं अप्पा जागच्या जागी गप बसंल. अन् नसलं येत तं... केस सोड नुसते. काय बोलायचं ते तुला ठावंच हाय."

"म्हंजे मी बी तेच करू, दादा? त्यानं माझ्या नावावर सपान बनवलं, मी आसरांच्या नावावर बनवू?"

हलगी वाजू लागली. तिच्या पोटातून काहीतरी वर चढायला लागलं. मान जड झाली. बाया सरसावून बसल्या. पण या वेळी तिला ओळखता येईना, हे वारं आहे की राग. दोन्ही एकाच जागेवरून येत होतं. तिनं दातावर दात दाबून धरले, पुढं होऊन हलगीवर हात ठेवला आणि सुटत आलेला अंबाडा पुन्हा घट्ट बांधला.

"आज आसरा बोलत न्हाईत," ती म्हणाली. "झुंबर बोलून राह्यली. मला सपान पडलं न्हाई. मी फोन केला न्हाई. अप्पाराव खोटं बोलला."

मग मागून एकानं विचारलं, "मंग आसरांची मर्जी काय हाय?"

"ते मला ठाव न्हाई."

"बघा," अप्पाराव लोकांकडं वळून म्हणाला, "त्यांनाच ठाव न्हाई." दोन-चार जण हसले. आरती उरकली, लोक घरी गेले. केस सुटले असते तर हीच माणसं मातीत लोळली असती. बांधलेल्या केसांच्या बाईचं त्यांना काही ऐकायचं नव्हतं. अप्पारावपेक्षाही आता तिला या सगळ्यांचा राग आला.

मुबारकनं पुन्हा मशीनला हात लावला नाही. अप्पारावनं भोकरदनहून दुसरा माणूस आणला. आणखी चार झाडं पडली. नदीकडच्या उतारावरची झाडं मंडपाच्या आड येत नव्हती, म्हणून राहिली.

पेरणीच्या तोंडावर लोक तिच्या दारात आले. "सपान पाह्यजे तं अप्पारावकडं जा," ती म्हणाली. "त्याला पाह्यजे तवा पडतं." त्यांना वाटलं, म्हातारी गंमत करतेय. तिनं दार लावून घेतलं. त्यांनी मोबाइलवर पावसाचा अंदाज पाहून पेरलं.

दिवाळीनंतर मंडप उभा राहिला. सात दगड उचलून फरशीवर बसवले. उद्घाटनाला झुंबरबाईला लुगडं-चोळीचा मान होता. ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी अकबरबी तिच्याकडं आली आणि जरा वेळ चुळबुळ करून म्हणाली, "झुंबर, तिथं दगडावर तुझं नाव कोरलंय."

झुंबरबाईला वाचता येत होतं. भर दुपारी ती मंडपात गेली. पायरीशेजारी काळ्या दगडाची पाटी होती. 'श्रीमती झुंबरबाई यांना झालेल्या दृष्टांतानुसार' असं सुरू होऊन खाली अप्पारावचं नाव मोठ्या अक्षरांत. तिनं ते दोनदा वाचलं. मग मुबारकच्या घरी जाऊन छन्नी-हातोडा मागून आणला.

ठोक्यांचा आवाज ऐकून माणसं गोळा झाली. अप्पाराव धावत आला. "वहिनी, देवाच्या दारात काय करून राह्यल्या?"

"माझं नाव माझं हाय. ते काढून घेऊन राह्यले. बाकीचं तुमचं ऱ्हाऊ द्या."

"लोक बघून राह्यले."

"बघू द्या."

त्यानं हात पुढं केला, पण छन्नी धरलेल्या तिच्या मुठीकडं बघून मागं घेतला. दगड कडक होता. एकेका अक्षराला वेळ लागत होता, धूळ डोळ्यांत जात होती, हाताला फोड आले. ती थांबली नाही. कोणी अडवलं नाही आणि कोणी मदतही केली नाही.

शेवटी पाटीवर 'श्रीमती' आणि 'यांना' यांच्या मधे पांढरा खड्डा राहिला. झुंबरबाईनं पदरानं तोंड पुसलं, हत्यारं अकबरबीच्या ओसरीवर नेऊन ठेवली.

"आता तरी राग सोड," अकबरबी म्हणाली.

"न्हाई सोडत," झुंबरबाई म्हणाली, आणि पाणी मागितलं.