दुसऱ्याचं पेट्रोल

मोटारसायकल बाळगायला खरा खर्च किती येतो, हे साऱ्या यवतमाळ जिल्ह्यात एकाच माणसाला बरोबर ठाऊक होतं, आणि तो माणूस म्हणजे माझे साडभाऊ. गाडी बनवणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं, विकणाऱ्याला नव्हतं आणि दुरुस्त करणाऱ्याला तर नव्हतंच नव्हतं. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान आर्णीपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या गावात राहत आणि कापूस, तूर पिकवत. मी आर्णीत शाळामास्तर होतो. तिथेच घर बांधलं, तिथेच निवृत्त झालो. नात्यानं मी थोरला, त्यामुळे ते मला 'गुरुजी' म्हणत आणि माझ्यासमोर कधी पाय लांब करून बसले नाहीत. त्यांच्याविषयी लिहायला मी फार उशीर केला आहे. त्याचं कारण पुढे येईलच, आणि ते मला भूषणावह नाही.

त्यांचा हिशेब रुपयांत नसायचा, कापसात असायचा. गाडीचा चेनसेट बदलला की ते "वीस किलो गेला" म्हणत. मागचा टायर म्हणजे चाळीस किलो, म्हणजे एका चपळ बाईची दिवसभराची वेचणी. ऑइल बदलणं म्हणजे आठ किलो, "अन् तोही पहिल्या वेचणीचा, पांढराशुभ्र." विम्याला ते 'जळालेला कापूस' म्हणत, कारण दिलेला दिसतो आणि मिळालेलं काही दिसत नाही. आर्णीच्या गॅरेजवाल्यानं क्लच प्लेटचे पैसे सांगितले की ते डोळे मिटून उभे राहत, ओठ हलत, आणि मग डोळे उघडून म्हणत, "अठरा किलो? अन् उद्या भाव उतरला तं?" एकदा कंटाळून गॅरेजवाल्यानं विचारलं की, काका, पैसे राहू द्या, कापूसच आणून टाकता का? साडभाऊंनी या सूचनेवर आठ दिवस गंभीरपणे विचार केला. शेवटी नको म्हणाले, कारण त्याच्या दुकानात सगळीकडे ग्रीस, कापूस काळा होईल.

या हिशेबात गंमत होती तशी एक बोचही होती, ती मला तेव्हा कळली नाही. ती वर्षं बोंडअळीची होती. झाडं माणसाच्या डोक्यावर जात आणि बोंड फोडलं की आत किडा निघे. वरून भावही खाली. एकदा माझ्या ओट्यावर चहा पिताना मी म्हणालो की गाडीचे सुटे भाग फार महाग झालेत. त्यांनी बशी खाली ठेवली. "महाग नाही झाले, गुरुजी. चेन तेवढीच आहे. कापूसच बारीक होऊन राह्यला." मी हसलो होतो. लोक त्यांच्या बोलण्यावर हसतच असत, आणि त्यांना त्यात काही वाईट वाटत नसे.

बैलजोडी विकून त्यांनी ही जुनी शंभर सीसीची गाडी घेतली होती, त्यामुळे गाडीचं सगळं बैलाच्या रीतीनं चाले. ती गोठ्यात उभी राही, बैलाच्या जागी, आणि पुढच्या चाकातून साखळी घालून त्याच खुंट्याला बांधलेली असे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला लावावं तसं ते हँडलला तूप लावून खांदेमळणी करत, त्यामुळे पुढचे दोन दिवस ब्रेक दाबताना हात सटकायचा. पोळ्याला गाडीवर झूल चढे, आरशांना बेगड लागे, टाकीवर पुरणाची पोळी ठेवली जाई आणि मग गाडीच्या वतीनं ती साडभाऊच खात. त्या दिवशी गाडी जुंपायची नाही. बायकोला बहिणीकडे, म्हणजे आमच्याकडे, यायचं असलं तरी एसटीनं. चढ आला की ते खाली उतरत आणि इंजिन चालू ठेवून बाजूनं चालत. उतार आला की इंजिन बंद करून, हवा खात, आवाज न करता खाली येत. हॉर्न त्यांनी कधी वाजवला नाही. रस्त्यात म्हैस आडवी आली तर थांबून तिच्याशी बोलत. दहा-बारा किलोमीटरला त्यांना तास लागायचा, आणि "लवकर आलो आज" असं म्हणत ते माझ्या दारात उतरायचे.

पण खरा खर्च या कशातच नव्हता. खरा खर्च म्हणजे 'जरा'. हा त्यांचा शब्द. गावात मोटारसायकल असलेल्या माणसाला रोज कोणी ना कोणी म्हणतं, जरा गाडी देता का, जरा फाट्यावर सोडता का, जरा बाजार समितीत जाऊन येतो. "टायरचे किलो सांगता येते, गुरुजी. 'जरा'चे नाही सांगता येत." असं ते म्हणत, पण कधी कोणाला नाही म्हणत नसत. त्यांची एकच अट होती, ती पेट्रोलच्या कॉकची. जुन्या गाड्यांना टाकीखाली एक छोटा कॉक असतो. तो उभा असला की गाडी नेहमीच्या पेट्रोलवर चालते. ते संपत आलं की गाडी आचके देते, मग कॉक फिरवून रिझर्व्हला लावायचा, म्हणजे तळाच्या लिटरभर पेट्रोलवर पंपापर्यंत पोचता येतं. त्यांच्या गाडीचा पेट्रोलचा काटा केव्हाच मेला होता, त्यामुळे आचका हीच काय ती सूचना. आचका बसला की ते मुकाट गाडी ढकलत पंपावर नेत, पण कॉकला हात लावत नसत.

मी त्यांना विचारलं होतं, हा काय वेडेपणा? रिझर्व्ह कशासाठी असतं मग? ते म्हणाले, "ते आपलं नसते. टाकी आपली, पण खालचं लिटर दुसऱ्याचं. कोणाले साप चावला, कोणाची लेक अडली, तं तवा पंप शोधाचा का?" सगळ्या गावाला हे माहीत होतं. त्यांच्या टाकीच्या तळाशी गावाचं लिटरभर पेट्रोल असतं, हे तिथे विहिरीत पाणी असतं तसं धरून चालत. गाडी नेणाऱ्याला ते एवढंच सांगत, की रिझर्व्हला लावली तर भरून आणा, नाहीतर सांगा तरी.

आता माझं.

भादव्यातल्या एका दिवशी ते आर्णीत आले, गाडी माझ्या दारात लावली आणि सातबाऱ्याच्या कामासाठी एसटीनं यवतमाळला गेले. जाताना किल्ली खिळ्याला अडकवली. मी म्हणालो, जरा बँकेत जाऊन येऊ का? बँक घरापासून चालत दहा मिनिटं. ते म्हणाले, "विचारता काहून, गुरुजी?" मी बँकेत गेलो नाही. वीस किलोमीटरवर एक निवृत्त सहकारी राहत होता, त्याच्या मळ्यात पत्त्यांचा डाव होता, तिकडे गेलो. बायको पत्त्यांवर चिडायची, म्हणून तिलाही बँकच सांगितली. जाताना अर्ध्या वाटेच्या आधीच गाडीनं आचका दिला. मी कॉक रिझर्व्हला लावला आणि पुढे गेलो. दुपारभर खेळलो, पन्नास-साठ रुपये जिंकलो. येताना पंप लागला. पंपावर सात-आठ गाड्यांची रांग होती आणि साडभाऊंची एसटी यायची वेळ झाली होती. मी थांबलो नाही.

इतकी वर्षं मी मनाला सांगत आलो की कॉक सरळ करायचं विसरलो. ते खोटं आहे. दारात गाडी लावली तेव्हा माझा हात कॉकवर गेला होता. पण तो सरळ केला असता तर त्यांनी किक मारल्यावर गाडी गल्लीच्या तोंडाशी बंद पडली असती, आणि दहा मिनिटांच्या बँकेला एवढं पेट्रोल कसं लागलं, हे त्यांना माझ्या देखत कळलं असतं. म्हणून मी हात मागे घेतला. ते आले, चहा प्याले, फडक्यानं गाडी पुसली आणि गावी गेले. वाटेत आचका बसला नाही, म्हणून पंपावर थांबले नाहीत. त्यांच्या हिशेबी खालचं लिटर शाबूत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या बांधाला लागून शेत असलेला भीमराव फवारणी करता करता खाली बसला. कपाशी डोक्याएवढी, औषध वरून अंगावर येत होतं. ओकाऱ्या सुरू झाल्या, डोळ्यांपुढे अंधार यायला लागला. साडभाऊंनी बांधावरून ते बघितलं, घरी धावले आणि गाडी घेऊनच परतले. भीमरावला मध्ये बसवलं, त्याच्या बायकोला मागे, आणि निघाले. त्या दिवशी ते चढावर उतरले नाहीत आणि उतारावर इंजिन बंद केलं नाही. त्यांच्या गाडीचा हॉर्न कसा वाजतो, ते लोकांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं म्हणतात. अर्ध्या वाटेवर, जिथे दोन्हीकडे नुसती कपाशी आहे, तिथे गाडीनं आचका दिला. साडभाऊ "काही नाही, काही नाही" म्हणाले आणि त्यांनी खाली न बघता कॉकला हात घातला. कॉक आधीच फिरलेला होता.

ट्रॅक्टर मिळायला पाऊण-एक तास गेला. भीमराव वाचला. आठ दिवस दवाखान्यात होता आणि घरी आला तेव्हा उजव्या डोळ्यानं धूसर दिसायला लागलं होतं, ते तसंच राहिलं. लवकर आणलं असतं तर डोळा राहिला असता का, हे डॉक्टर ठाम सांगू शकले नाहीत. गावानं मात्र ठाम ठरवलं. कापसाच्या किलोत मोजणाऱ्या माणसानं पेट्रोलमध्ये कंजुषी केली. पारावर त्यांना 'रिझर्व्ह' म्हणायला लागले. "या, रिझर्व्हभाऊ, बसा. का संपलं?" असं बोलून हसायचे. ज्यांच्या घरचं बाळंतपण त्या लिटरावर निभावलं होतं, तेही हसायचे.

त्यांनी माझं नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं. पण माझ्यावर त्यांचा संशयच गेला नाही. मी बँकेत गेलो होतो ना, दहा मिनिटं. आठवड्यानं ते आर्णीत आले तेव्हा बसनं आले होते. ओट्यावर बसले, चहाला हात लावला नाही. म्हणाले, "मी कवा लावला तो कॉक, गुरुजी? लय आठवून राह्यलो. माहा हातच माह्या ध्यानात नाही राह्यला." तेव्हा बोलायचं होतं. बायको आत होती, रस्त्यावर कोणी नव्हतं, एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, "वय झालं की होतं असं."

ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. मी त्यांच्याहून मोठा, आणि मला सगळं लख्ख आठवत होतं. त्यांनी मान हलवली. गुरुजींनी सांगितलं म्हणजे खरंच असणार. त्यानंतर त्यांनी कॉकला लाल दोरा बांधला, सरळ जागी घट्ट, आणि गाडी चालवणं सोडलं. रोज पुसत, पोळ्याला झूल घालत, पण विसरणाऱ्या माणसानं गाडी चालवू नये म्हणत. घराला कुलूप लावून निघाले की दोनदा परत फिरून बघत. दिवा मालवला का, म्हणून बायकोला विचारत. मी एक शब्द बोललो होतो आणि ते त्या शब्दाप्रमाणे खरोखर म्हातारे होत गेले. भीमराव अधूनमधून त्यांच्या गोठ्यात येऊन बसायचा. त्यानं त्यांना कधी बोल लावला नाही, आणि त्याचंच त्यांना जास्त लागायचं.

गेल्या पावसाळ्यात ते गेले. साध्या तापाचं निमित्त झालं. वर्षश्राद्ध उरकल्यावर साळीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला अंगणात बसवलं आणि गाडी घेऊन जा म्हणाली. "तुमी त्यायले कधी हसले नाही, भाऊजी. तुमीच न्या." भीमराव तिथेच खाटेवर बसला होता. किल्ली माझ्या हातात ठेवली गेली, आणि मग मी सांगितलं. पत्ते, पंप, कॉकवरून मागे घेतलेला हात, आणि ते वाक्यही. सांगून झालं. साळी उठली. किल्ली तिनं परत घेतली नाही. दारात थांबून एवढंच म्हणाली, "हे त्यायले सांगाचं होतं."

भीमराव मला फाट्यापर्यंत सोडायला आला. मी नको म्हणत होतो. चांगल्या डोळ्याच्या बाजूनं मला ठेवून तो चालत होता, रस्त्यात खड्डा आला की माझं कोपर धरत होता. मी म्हटलं, भीमराव, मला काहीतरी बोल. फाट्यावर आल्यावर त्यानं पिचकारी टाकली आणि म्हणाला, "गाडी नेऊ नोका. इथंच राहू द्या, गोठ्यात. चालू करून द्या फक्त. अन् पारावर या एक दिवस, आता मले सांगतलं तसं सांगा." मी हो म्हणालो. पारावर जाऊन सांगितलं. तो दिवस कसा गेला ते लिहीत नाही. पण ज्यांनी नुसतं ऐकलं आणि जे त्या दिवशी नव्हते, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतो आहे, की ते लिटर त्यांनी नव्हतं वापरलं, मी वापरलं.

वर्षश्राद्धानंतरच्या त्या दिवशी फाट्यावर एसटीची वाट बघताना भीमराव मध्येच म्हणाला, "चेन सडली असन तिची. नवीन चेनसेट आता किती किलोचा होईन हो, गुरुजी?" मी आजचा कापसाचा भाव आठवला, चेनसेटची किंमत अंदाजानं धरली आणि भागायला लागलो. चाळीस वर्षं पोरांना भागाकार शिकवला, पण मेळ लागेना. त्यांनी डोळे मिटून तिथल्या तिथे सांगितलं असतं. माझा आकडा येण्याआधी एसटी आली.