नाखवाच्या डोहाची खूण

कोलशेतच्या नाखवाला माझा मीटरही खोटा वाटायचा. बॅटरीला मीटर लावला, बारा व्होल्ट दाखवले, तरी हा म्हणणार, "दुसरा काढ." दुसरा लावला की, "दोनी एकाच दुकानातून घेतलंस ना?" वर्तकनगरला माझं इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं दुकान आहे, गिऱ्हाइकांची किरकिर मला नवी नाही. पण असा संशयी प्राणी मी जन्मात पाहिला नाही आणि आता पाहायला मिळणारही नाही.

त्याच्या मुलानं, परेशनं, होडीवर फिश फाइंडर बसवायचं ठरवलं म्हणून मी तिथे गेलेलो. छोटासा पडदा असतो. खाडीचा तळ दाखवतो, मासे दाखवतो आणि आपण नेमके कुठे आहोत तेही सांगतो. मी लाल आणि काळी वायर काढली तर नाखवा म्हणाला, "सगली काली लाव."

"अहो, प्लस-मायनस कसं ओळखायचं?"

"चोराला ओलखू येऊ नये म्हनूनच सांगतंय."

मी गुपचूप माझ्यापुरत्या प्लसच्या वायरींना दोऱ्याच्या गाठी मारल्या. दुपारच्या चहाला गेलो, येऊन बघतो तर गाठी कापलेल्या. त्या दिवशी मी इतका वैतागलो की काम टाकून निघालोच होतो. परेशनं हातापाया पडून थांबवलं.

नाखवाचा खरा दावा त्या यंत्रावर होता. "यो डबा आपल्याला खालचं दाखवतंय, तं वर पन कोनाला दाखवत असंल." मी समजावलं की हा उपग्रहाचं फक्त ऐकतो, कुणाला काही सांगत नाही. नाखवा बायकोकडे बघून म्हणाला, "लगीन झालं तवा आमची ही पन नुसती ऐकायची." मग रोज किनाऱ्याला लागलं की तो यंत्र सोडवून घरी न्यायचा आणि तांदळाच्या डब्यात झाकण लावून ठेवायचा. पत्र्यातून बातमी बाहेर जात नाही, असा त्याचा हिशेब.

एवढं जपण्यासारखं होतं काय, तर एक डोह. खाडीच्या तळाला एक खोल खड्डा आहे, तिथे जिताडा हा महागडा मासा बसतो. नाखवाच्या बापानं त्याला तो दाखवला आणि त्या जिताड्यावर घर उभं राहिलं. पाण्यावर कसली पाटी असणार? बंद कारखान्याची चिमणी येऊरच्या डोंगराच्या खाचेत बरोबर बसली आणि पल्याडच्या देवळाचा कळस झाडांवर आला, की खाली डोह. पिढ्यान्‌पिढ्या हीच खूण. आणि नेमका त्या खाचेसमोर एक टॉवर उभा राहायला लागला. एकेक स्लॅब पडत होता आणि खाच झाकत चाललेली.

"मुद्दाम बांधलंय," नाखवा म्हणाला. "कोनीतरी बिल्डरला सांगितलंय."

मला हसू आलं, पण त्याचा चेहरा बघून गिळलं. खाच दिसेनाशी झाली की डोह गेला. त्याआधी ती जागा यंत्रात साठवून ठेवणं एवढाच उपाय होता, आणि यंत्राची बटणं तेव्हा घरात कुणालाच कळत नव्हती. म्हणजे मला डोहावर नेणं आलं. नाखवानं यावर बरेच दिवस काढले. शेवटी टॉवर अगदी गळ्याशी आला तेव्हा त्यानं मला बोलावलं.

होडीत बसल्या बसल्या त्यानं माझ्यावर ताडपत्री टाकली. आत मी, यंत्र आणि डिझेलचा वास. घामानं नुसता थबथबलो. बाहेर हा होडी पुढे घे, मागे घे करतोय. खूप वेळानं आवाज आला, "दाब." मी बटण दाबलं. परत किनाऱ्याजवळ आल्यावर ताडपत्री निघाली आणि नाखवा माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"आता तुला पन ठावं झाला."

"नाखवा, मी काही म्हणजे काही पाहिलेलं नाही."

"तुझ्या बोटाला ठावं हाय."

त्यानंतर तो दुकानात येऊन बसायला लागला. कोण येतं, काय बोलतं, सगळ्यावर नजर. साधा मिक्सर घेऊन कुणी आलं तरी ते गेल्यावर विचारणार, "कुठचा यो?" मात्र येताना रिकाम्या हातानं कधी आला नाही. कोळंबी, चिंबोऱ्या, काही ना काही माझ्या बायकोसाठी असायचं, वर ताकीद, "मी दिलं म्हनून कोनाला सांगू नको." मला टायफॉइड झालेला तेव्हा हा हॉस्पिटलात दिवसभर सलाइनच्या बाटलीवर पहारा देत बसला. "यात काय घातलंस?" असं विचारून त्यानं नर्सला रडकुंडीला आणलं. मला त्याचा राग यायचा आणि तो आला नाही की चुकल्यासारखंही व्हायचं.

पुढच्या हंगामात डोहावर दुसऱ्यांची जाळी पडली. नाखवा दुकानात आला आणि वायरी कोयत्यानं तोडलेलं यंत्र त्यानं काउंटरवर ठेवलं.

"कोनाला सांगितलंस?"

मी मुलांच्या शपथा घेतल्या. त्याचं एकच, "दाबलंस तू." माझंही डोकं सटकलं. म्हटलं, "चालते व्हा." तो निघून गेला, यंत्र काउंटरवरच राहिलं.

टॉवरनं खाच तोवर पुरती झाकलेली. यंत्राशिवाय त्याला स्वतःचाच डोह सापडेना, आणि दुसऱ्यांच्या होड्यांमागे जाईल तर तो नाखवा कसला. मी निरोप धाडले, फोन केले. तो आला नाही. होडी किनाऱ्यालाच राहिली आणि पुढच्या उन्हाळ्यात नाखवा गेला.

काकी, म्हणजे त्याची बायको, स्वतः दुकानात आल्या. "त्यांना डोहातच सोडायचं हाय. जागा तुमच्याकडंच." मी यंत्राला नव्या वायरी लावल्या आणि ते नेऊन होडीवर जोडलं. परेश सुकाणूवर होता. यंत्रानं जागा दाखवली, काकींनी राख सोडली.

किनाऱ्याला परेश होडी बांधायला उतरला, तेव्हा काकी हळूच म्हणाल्या, "मिस्त्री, दुसऱ्यांची जाळी पडायच्या आधी परेशला डोहावर मोठा जिताडा घावलेला. पडद्याच्या बाजूला धरून त्यानं फोटो काढला, स्टेटसला लावला. फोटोत जागेचे आकडे दिसत व्हते."

"तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

"मग नाखवाला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तं पोराला घराबाहेर काढला असता. तुमच्यावर आलं म्हनून पोर घरात राहिलं."

मला भयंकर राग आला आणि त्याहून जास्त रडू आलं. जन्मात एकदाच नाखवानं बाहेरच्या कुणावर विश्वास टाकला होता, आणि तो विश्वास चुकीचा ठरला असं समजूनच तो गेला.