कमरेचं माप

आमच्या गोंदियाकडच्या गोरेगावच्या आठवडी बाजारात परवा जुन्या कपड्यांचा गठ्ठा सुटला आणि डांबरगोळ्या, दमट कापड, कुणाकुणाचा जुना घाम असा मिळून होणारा तो उग्र वास थेट घशात उतरला. भाजीची पिशवी हातात तशीच धरून मी थांबले. बालपण म्हटलं की लोकांना मोगरा आठवतो म्हणे. आमच्या वाट्याला डांबरगोळी आली, त्याला इलाज नाही.

दवनीवाड्याला आमच्या घराच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, बाबांचं शिलाई मशीन होतं. गोंदियाहून ते जुन्या पॅन्टींचा गठ्ठा आणायचे. कुठल्या तरी धिप्पाड माणसांनी घालून टाकलेल्या त्या पॅन्टी धानाच्या बांधीत राबणाऱ्या सडसडीत अंगांना बेतून द्यायच्या, हा आमचा धंदा. उसवण्याचं काम माझं. ब्लेडने टीप तोडताना कापडाला ओरखडा गेला, तर बाबा दिवसभर बोलायचे नाहीत. त्यांचा एक नियम होता. कंबर कितीही आत घ्यायची असो, जादा कापड कापायचं नाही. आत दुमडायचं आणि वरून टीप मारायची. "जे कापलं ते गेलं," म्हणायचे. "घडी मारून ठेवलं त पुढच्याले कामी येते. आपून मधातले." गिऱ्हाईक अंगाने सुटलं किंवा पॅन्ट दुसऱ्या कुणाकडे गेली, तरी उसवून पुन्हा बसवता यायची. कपडा माणसापेक्षा जास्त टिकतो, हे त्यांनी गृहीतच धरलेलं असे.

माझा मोठा भाऊ मात्र गठ्ठ्यातली पॅन्ट जशीच्या तशी घालणारा. उंच, रुंद, राइस मिलमध्ये पोती वाहणारा. त्याच्यासाठी टीप घालावी लागत नाही, याचा बाबांना कोण अभिमान! एक जाड, राखी पॅन्ट त्याच्या विशेष आवडीची. घोटलेला खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचा गोळा, गालात धरून तो दिवस काढायचा. मिलमध्ये सगळेच काढायचे. पुढे त्याचं तोंड उघडेना. गालात जखम झाली, ती भरेना, आणि नागपूरच्या डॉक्टरांनी आम्हाला भीती होती तेच नाव घेतलं. खर्ऱ्याचा मला आजही इतका राग येतो की पानठेल्यावरून जाताना मी मान फिरवते.

मग ती राखी पॅन्ट मशीनवर येऊ लागली. नागपूरच्या दवाखान्यात लुंगीवर जायला तो तयार नसे. प्रत्येक खेपेआधी बाबा कंबर आत घेत आणि नियमाप्रमाणे उरलेलं कापड पाठीमागे दुमडत. "अंगानं भरला का उसवून देतो," म्हणत. आई पेज गाळून त्याला पाजायची, आणि मी ती घडी चाचपून पाहायची. घडी आहे तोवर तो भरून येणार, असं आम्हाला वाटायचं. वेडी आशाच ती. पण घडीवर घडी चढली आणि पाठीमागे कापडाचा गोळा झाला. त्याच्या हाडांवर मांस उरलं नव्हतं. रेल्वेच्या बाकावर टेकून बसलं की तो गोळा मणक्यात रुतायचा. कातडी सोलवटली. आईने खोबरेल लावलं, मऊ फडकं ठेवलं, पण उपयोग झाला नाही.

एका सकाळी तो भिंत धरत धरत सपरीत आला आणि पॅन्ट बाबांच्या मांडीवर ठेवली. शब्द अर्धे गालातच राहायचे.

"काप, बाबा."

"काऊन? भरशील ना तू."

"रुतून राहिली. आता कायले ठेवून राहिला? काप."

बाबा पॅन्ट उलटी करून नुसते बसून राहिले. चुलीपाशी आई रडत होती, ते सपरीत ऐकू येत होतं. शेवटी मीच टिपा तोडल्या. बाबांनी खडूची रेघ ओढली, दुमडलेलं सगळं कापड कापून काढलं आणि कमरेवर एक सरळ टीप मारली. भाऊ पॅन्ट घालून भिंतीला टेकला. "आता बरं लागते," म्हणाला आणि बसल्या बसल्याच झोपला. त्यानंतर नागपूरची एकच खेप झाली.

तो गेल्यावर विहारात वंदना झाली, पुण्यानुमोदन झालं. मग बाबांनी ती पॅन्ट धुतली, इस्त्री केली आणि गोरेगावच्या बाजारात दोरीवर टांगली. मी भांडले. "घरात सडवून काय करू कपडा?" एवढंच ते म्हणाले. लोक यायचे, कापड चोळून बघायचे आणि हसायचे. एवढी उंची, आणि कंबर पोरासारखी! एकदा एका काटकुळ्या तरुणाने ती कमरेला लावून पाहिली. "कंबर बसते. पाय तेवढे आखूड करून द्या, घेतो." बाबांनी त्याच्या हातातून पॅन्ट काढून घेतली.

"नाही जमत," ते म्हणाले. "मापाची आहे ते."

आता बाबाही नाहीत. त्यांच्या हातच्या पॅन्टी उसवून, पुन्हा बसवून लोक अजून घालतात. बाजारात एखादी दिसली की मला टीप ओळखू येते. परवा गठ्ठेवाला विचारत होता, "क्या दिखाऊं, दीदी?" मी काही न घेता घरी आले आणि पेटीतली राखी पॅन्ट काढून उन्हात घातली. दरवर्षी घालते. घडी करताना, सवयीने, कमरेच्या आत बोटं घालून चाचपते. तिथे काहीच नाही, एक सरळ, स्वच्छ शिवण आहे.