दादाच्या वेडासाठी दही-साखर

दर महिन्याला मी दादाला पळसदरीहून कर्जतला मनाच्या डॉक्टरांकडे नेतो. गावात कुणी विचारलं तर पित्ताचा त्रास आहे म्हणून सांगतो. दादा माझा थोरला भाऊ, लग्न न केलेला, माझ्याच घरी राहणारा. डॉक्टर विचारत, "झोप कशी आहे?" मी सांगे, "बरी आहे." "भूक?" "लागते." दादा शेजारी बसून पंख्याकडे बघत असे. परतताना मला वाटे, आपण भावासाठी किती करतो.

मग दादाने विहिरीजवळचं शेत विकलं. ते खालापूर तालुक्यात, वाटणीत त्याच्या नावावर आलेलं. घेणाऱ्याला तिथे बंगला बांधायचा होता. आम्हाला कळलं ते तिथे तारेचं कुंपण उभं राहिल्यावर.

वकील म्हणाले, "सही करताना त्यांना कळत नव्हतं, असं सिद्ध झालं तर शेत परत येईल."

म्हणजे इतकी वर्षं पित्ताखाली झाकलेला आजार आता कोर्टात मांडायचा होता. मी मोठ्या आशेने आमच्या डॉक्टरांकडे दाखला मागितला.

"उपचार चालू आहेत, एवढं लिहून देतो," ते म्हणाले. "सही करताना त्यांना समजत होतं का, ते मी ठरवणार नाही. मी त्यांना बरं करायला बसलोय, त्यांच्या बाजूचा माणूस. कोर्टाला कुणाच्याच बाजूचा नसलेला डॉक्टर लागतो."

"मीही त्याच्याच बाजूचा आहे," मी म्हणालो. डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

आम्ही केस लावली आणि कोर्टाने दादाला तपासायला दुसरे डॉक्टर नेमले. जायच्या दिवशी बायकोने दादाला दाढी करायला लावली, इस्त्रीचा शर्ट दिला, देवापुढे उभं केलं आणि त्याच्या हातावर दही-साखर ठेवली. "यश येऊ दे रं देवा," ती म्हणाली. मीही हात जोडले. यश म्हणजे भाऊ वेडा ठरणं, हे मला चपला घालताना उमगलं.

"अगं, आजच कशाला दाढी करायला लावलीस?" मी हळूच विचारलं.

"मग काय भिकाऱ्यावानी धाडू? चार लोकांत जायचं हाय. नावं मला ठेवतील, तुमाला नाय!"

खोलीत ते डॉक्टर दादाला म्हणाले, "मी तुमच्यावर उपचार करणार नाही. इथे बोलाल ते कोर्टाला कळवीन. सांगायचं नसेल ते सांगू नका. समजलं?"

"समजलं," मी म्हणालो.

"तुम्हाला नाही विचारलं. तुम्ही बाहेर बसा."

मी बाकावर बसलो. आता दादाचं कसं होणार, या काळजीने जीव कासावीस झाला होता. आतून दादाचा आवाज येत होता, सलग, न अडखळता. मध्येच तो हसलाही. माझी काळजी वाढली.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "चल, चहा पिऊ."

"काय सांगितलंस?"

"इचारलं ते."

"शेत का विकलंस, ते विचारलं?"

"हो. कंटाळा आला व्हता, म्हनालो. दरसाल कमरेत वाकून भात लावायचा, नि तू बांधावरून सांगनार, दादा, इकडं लाव, दादा, तिकडं लाव. त्यो मानूस आला, म्हनाला, दादा, तुमचं काय म्हननं हाय? आता माजं म्हननं कुनी इचारलंय रं कधी? इकलं."

"अरे, पण आपली केस!"

"ती तुमची. मला कुटं इचारलं?" त्याने चहा बशीत ओतला.

अहवाल आला. सहीच्या वेळी दादाला व्यवहार पूर्ण समजत होता. वकील म्हणाले, "तुमचे भाऊ शहाणे निघाले. आता आशा धरू नका." वेळेवर गोळ्या देणारा मीच. शेत गेलं यात माझा वाटा मोठा आहे, आणि अभिमान वाटावा की शरम, हे अजून ठरत नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा कर्जतला गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "झोप कशी आहे?"

"ब—" मी म्हणालो आणि थांबलो. दादा पंख्याकडे नाही, माझ्याकडे बघत होता.

मी उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. दार मात्र किंचित उघडंच ठेवलं. दादाने आतून उठून ते लावून घेतलं.